दगडातला मासा आणि त्याचा पत्ता

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला केथनेस नावाचा परगणा आहे. झाडं तुरळक, वारा अखंड, आणि शेतांच्या बांधावर कुंपण म्हणून उभ्या रोवलेल्या दगडी फरश्यांच्या रांगा. आपल्याकडची शहाबादी जशी थरावर सुटते आणि घडवायला फारशी मेहनत लागत नाही, तशीच ही केथनेसची फरशी. एकोणिसाव्या शतकात ती जहाजांत भरून एडिनबर्ग-लंडनच्या पदपथांवर जाऊन बसली. याच खडकाचे अधिक पातळ सुटणारे थर घरांची छपरं शाकारायला वापरत. थर्सो गावाच्या दक्षिणेला, स्पिटल या वस्तीजवळच्या टेकडीवर असे थर काढणारी एक खाण होती. तिचं नाव अखनारस. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती बंद पडली. मागे उरल्या कमी उंचीच्या दगडी भिंती, साचलेलं पाणी आणि टाकून दिलेल्या चिपांचे ढीग.

त्या ढिगांत मासे आहेत. सुमारे ३८ ते ३९ कोटी वर्षांपूर्वीचे.

मध्य डेव्होनियन काळातल्या माशांसाठी जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक असलेल्या जागांपैकी ही एक. आणि तरीही इथे सर्वसामान्य माणूस हातोडा-छिन्नी घेऊन येऊ शकतो, एखादा मासा आपल्या हातांनी उघडू शकतो. इतका मोलाचा साठा इतका मोकळा असणं हे फार दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच इथे कसं वागायचं हे शिकण्यासारखं आहे. या प्रकरणात मला मुख्यतः तेच सांगायचं आहे. पण आधी ते मासे तिथे आले कुठून, हे पाहू. ते कळल्याशिवाय पुढचे नियम नुसते सरकारी वाटतील.

डेव्होनियन काळात हा भूभाग विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेला, कोरड्या हवामानात होता. डोंगरांच्या मधल्या खोलगट प्रदेशात पाणी साचून एक अवाढव्य सरोवर तयार झालं होतं. भूशास्त्रज्ञ त्याला ऑर्केडी सरोवर म्हणतात. ते कधी आटायचं, कधी पसरायचं. अखनारसचा मत्स्यथर बनला तो सरोवर सर्वांत जास्त पसरलेल्या दिवसांत. त्याच सुमाराचे थर उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवर आणि दक्षिणेला मरी फर्थच्या किनाऱ्यावरही सापडतात.

सरोवराच्या मधल्या खोल भागात तळाला प्राणवायू जवळजवळ नव्हता. तिथे कृमी-कीटक जगत नव्हते, त्यामुळे गाळ कुणी उकरला नाही. वर्षाकाठी एक नाजूक पापुद्रा पडायचा: उन्हाळ्यात चुनखडीचा, मग मेलेल्या शेवाळाचा काळपट, मग पावसाबरोबर आलेल्या बारीक मातीचा. मिलिमीटरहूनही पातळ असे हजारो पापुद्रे एकावर एक बसले. मासे राहायचे वरच्या आणि काठाजवळच्या पाण्यात. शेवाळाचं रान माजून ते कुजू लागलं की पाण्यातला प्राणवायू संपायचा आणि मासे घाऊक मरायचे. काही कलेवरं वाहत सरोवराच्या मध्याकडे यायची आणि तळाशी जायची. तिथे त्यांना खायला कुणी नव्हतं. पुढच्या वर्षीचा पापुद्रा त्यांच्यावर बसायचा.

म्हणजे अखनारसचा प्रत्येक मासा एका विशिष्ट पापुद्र्यावर, जवळजवळ एका विशिष्ट वर्षात पडलेला आहे. अॅबर्डीन विद्यापीठाच्या नायजेल ट्रेविन यांनी हा मत्स्यथर पापुद्रान् पापुद्रा तपासला आणि १९८६ साली त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. कोणती जात थराच्या कोणत्या उंचीवर येते, कुठे वाढते, कुठे नाहीशी होते, हे त्यांनी दाखवून दिलं. सगळे मासे सगळीकडे विखुरलेले नाहीत. सरोवराचं पाणी खोल होत गेलं आणि पुन्हा उथळ झालं, तसतशी माशांची वस्ती बदलत गेली. ही सगळी कथा माशाच्या अंगावर लिहिलेली नसते. तो कोणत्या पापुद्र्यावर होता, त्यात ती असते. मासा खडकातून काढला आणि त्याची जागा नोंदवली नाही, तर त्याची निम्मी माहिती त्या क्षणी नष्ट होते आणि ती परत मिळवता येत नाही.

इथे कोणते मासे भेटतात? सर्वांत ओळखीचा डिप्टेरस, फुप्फुसाने श्वास घेऊ शकणाऱ्या माशांचा जुना नातलग. त्याच्या चकचकीत काळपट खवल्यांचे तुकडे ढिगाऱ्यात सहज दिसतात. कोकोस्टिअसच्या डोक्यावर आणि खांद्यांवर हाडांचं चिलखत असतं, आणि दोन्हींच्या मध्ये सांधा. टेरिक्थिओडिस तर पाहताक्षणी लक्षात राहतो: पुढचं सगळं शरीर हाडांच्या पेटीत बंद, आणि बाजूंना सांधे असलेले दोन चिलखती हात. कायरोलेपिस हा आजच्या बहुतेक माशांच्या, म्हणजे रोहू-बांगड्यांच्या घराण्याच्या मुळाशी असलेल्या पहिल्या-पहिल्या माशांपैकी. मेसाकँथस आणि डिप्लाकँथस हे परांच्या पुढच्या कडेला काटे असलेले छोटे मासे. घाई करणारा माणूस त्यांना दगडावरचे ओरखडे समजून टाकून देतो.

आणि मग पॅलिओस्पॉन्डिलस. लांबी जेमतेम दोन ते पाच सेंटिमीटर. एक चपटं डोकं आणि मागे मणक्यांची माळ. दात नाहीत, चिलखत नाही. मार्कस आणि जॉन गन यांना तो याच खाणीत सापडला, आणि १८९० साली रॅम्झी ट्रॅक्वेअर यांनी त्याचं वर्णन करून गन यांचं नाव जातीला दिलं. जवळजवळ फक्त अखनारसमध्येच मिळणाऱ्या या जीवाला त्यानंतर अभ्यासकांनी कुठे कुठे बसवून पाहिलं: जबडा नसलेल्या माशांत, शार्कच्या कुळात, फुप्फुसी माशांच्या पिल्लांत, बेडकांच्या पिल्लांतसुद्धा. २०२२ साली टोकियो विद्यापीठाच्या तात्सुया हिरासावा आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या स्प्रिंग-एट या प्रखर क्ष-किरण केंद्रात दोन नमुने तपासले आणि हा प्राणी चार पायांच्या प्राण्यांच्या पूर्वजांजवळचा असल्याचा निष्कर्ष काढला. त्यावर इतरांनी आक्षेप घेतले, वाद अजून चालू आहे. पण मला त्या संशोधनातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. त्यांनी मुद्दाम असे नमुने निवडले ज्यांचं डोकं अजून पूर्णपणे दगडात बुडालेलं होतं. ज्या नमुन्यांचं डोकं उघडं होतं, त्यात थोडीफार मोडतोड झालेली असायची. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, एक कुरूप दिसणारा तुकडा साफ करण्याचा मोह आवरून तसाच ठेवला होता, म्हणून ते काम होऊ शकलं.

हौशी माणसाच्या हातून मोठं काम घडतं, हे उत्तर स्कॉटलंडला नवं नाही. क्रोमार्टीचा ह्यू मिलर हा पाथरवट होता. दगडाच्या खाणीत काम करता करता तो खडकांचा अभ्यासक झाला. १८४१ साली त्याने जुन्या तांबड्या वालुकाश्मावर लिहिलेलं पुस्तक घरोघर वाचलं गेलं, आणि जीवाश्म माशांचे अभ्यासक लुई अगासी यांनी चिलखती हातांच्या माशाला त्याचं नाव दिलं. थर्सोचा रॉबर्ट डिक पाव भाजून पोट भरायचा. भट्टीचं काम आटोपलं की मैलोन् मैल चालत जायचा आणि जीवाश्म, वनस्पती गोळा करायचा. आपले उत्तम नमुने त्याने मिलरला दिले आणि मिलरच्या काही समजुती त्या नमुन्यांमुळे बदलल्या. पुढे धंद्यात बुडाल्यावर डिकला आपला जीवाश्मांचा संग्रह विकावा लागला. या दोघांकडे पदवी नव्हती. पण काय, कुठे, कोणत्या थरात मिळालं हे त्यांना नेमकं सांगता येत होतं.

आता कायद्याकडे. स्कॉटलंडमध्ये मोकळ्या रानात कुणालाही फिरण्याचा हक्क २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने दिलेला आहे. त्यामुळे पाहुण्यांचा हमखास गैरसमज होतो की दगडही उचलता येतात. तसं नाही. फिरण्याच्या हक्कात जीवाश्म नेण्याचा हक्क येत नाही. जीवाश्म त्या जमिनीतल्या खनिजांच्या मालकाचे असतात. अखनारस हे शिवाय विशेष वैज्ञानिक महत्त्वाचं संरक्षित स्थळ आहे, तिथली हानी हा गुन्हा आहे. देखभाल नेचरस्कॉट ही सरकारी संस्था पाहते. सुट्या ढिगाऱ्यातून, हातातल्या साध्या अवजारांनी, स्वतःच्या अभ्यासापुरते मोजके नमुने घ्यायला वाव आहे; खाणीच्या भिंती फोडायला, यंत्रं लावायला किंवा विक्रीसाठी पोती भरायला नाही. निघण्यापूर्वी नेचरस्कॉटचे त्या वेळचे नियम वाचून घ्यावेत, कारण ते बदलू शकतात.

२००८ साली स्कॉटलंडने जीवाश्मांसाठी एक आचारसंहिताच काढली. परवानगी घ्या, जबाबदारीने जा, जबाबदारीने गोळा करा, जाणकारांना विचारा, चिठ्ठी लावून जपा, मोलाचं ते संग्रहालयाला द्या, असं तिचं सार. तिच्यामागे कडू अनुभव आहेत. लॅनार्कशरमधल्या बर्क नोज या ठिकाणी अखनारसहूनही जुने मासे मिळतात. बेपरवाना खणणाऱ्यांनी तिथला थर असा उकरला की अभ्यासासाठी जागेवरचा खडक राखणंच अवघड झालं. फोडला गेलेला खडक पुन्हा उगवत नाही.

ढिगाऱ्यातून गोळा करण्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि तो केवळ कायदा परवानगी देतो म्हणून नाही. उघड्यावर पडलेल्या चिपांत दर हिवाळ्यात पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि चिपा फुटतात. त्यातले मासे कुणी उचलले नाहीत तर काही वर्षांत त्यांची माती होते. नोंद ठेवून उचललेला मासा वाचतो. नोंद न ठेवता उचललेला मासा फक्त दुसऱ्या जागी जाऊन हरवतो.

प्रत्यक्ष खाणीत पाऊल टाकताना पहिली नजर वर जावी. बंद खाणीच्या भिंतीकडे पाहणारं आता कुणी नसतं. बर्फ वितळल्यावर आणि दमदार पावसानंतर सैल झालेले दगड कसलीही सूचना न देता सुटतात. भिंतीच्या पायथ्याशी बसू नये, भिंतीखालचा खडक पोखरू नये, वरच्या कडेवर उभं राहू नये. शिरस्त्राण घातलं म्हणून भिंतीखाली बसायला हरकत नाही, असा विचार करणाऱ्याने शिरस्त्राण घरीच ठेवून भिंतीपासून लांब बसावं. तेच जास्त सुरक्षित. खाणीतल्या पाण्याजवळ मुलांना एकटं सोडू नये. ओल्या फरश्यांवर शेवाळ असतं, तेव्हा तळाला पकड असलेले बूटच हवेत. केथनेसचं हवामान तासाभरात पालटतं. वाऱ्याने अंगातली ऊब निघून जाते आणि गारठलेल्या बोटांनी मारलेला हातोडा चुकतो. उन्हाळ्यात गवतातल्या गोचिडींमुळे लाइम रोग होऊ शकतो, म्हणून पायजम्याची टोकं मोज्यांत खोवावीत आणि संध्याकाळी अंग तपासावं. कुठे जातो आणि केव्हा परततो हे कुणाला तरी सांगून निघावं.

डोळ्यांचं वेगळं सांगतो. दगड फोडताना चष्मा नव्हे, बाजूंनी बंद असलेला संरक्षक गॉगल लागतो. दगडाच्या कपच्यांपेक्षा पोलादाची कपची जास्त घातक. सुतारकामाचा हातोडा इथे चालत नाही. त्याचं पोलाद दगडासाठी नसतं, ते तुटून उडतं. एका हातोड्यावर दुसऱ्या हातोड्याने कधीही मारू नये. छिन्नीचं डोकं मार खाऊन फुलतं आणि कडेला ओठ येतात. ते घासून काढल्याशिवाय ती छिन्नी हातात घेऊ नये. शेजारी कुणी बसलं असेल तर त्याच्याकडे पाठ करून, चार पावलं लांब जाऊन मारावं. ज्याच्या हातात हातोडा नाही, त्यालाही गॉगल हवाच.

आता चीप हातात घेऊ. आधी ती फोडू नका, पाहा. तिच्या कडेला पापुद्र्यांच्या बारीक रेघा दिसतील, फिक्या आणि गडद. अंगठ्याने कड पुसली तर एखाद्या ठिकाणी काळपट, किंचित चकाकणारी रेघ दिसते, खडकाच्या रेघांहून वेगळी आणि तुटक. तो हाडाचा छेद असू शकतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. हाडाचा पोत बारीक भोकांचा असतो. नुसत्या कर्बाच्या पापुद्र्याला तसा पोत नसतो. मग चीप सपाट दगडावर कडेवर उभी धरा, रुंद पात्याची पातळ छिन्नी रेघेवर टेकवा आणि हलके ठोके द्या. जोर लावायचा नाही. एका जागी दोन ठोके, मग थोडं सरकून दोन, असं कडेने फिरत जायचं. खडक सुटायला लागला की ठोक्याचा आवाज बदलतो, आधीचा खणखणीत आवाज बद्द होतो. तिथे थांबून छिन्नी नुसती पिळायची. चीप उघडते, आणि मासा असेल तर तो दोन्ही फळ्यांवर असतो: एकीवर हाडं, दुसरीवर त्यांचा ठसा आणि राहिलेली हाडं.

दोन्ही घ्या. ही गोष्ट नवशिक्याला पटवावी लागते. एक फळी देखणी असते, दुसरी नुसती डागाळलेली, आणि पिशवी आधीच जड झालेली असते. पण शेपटीचा शेवटचा मणका किंवा जबड्याचा तुकडा नेमका त्या डागाळलेल्या फळीवर असू शकतो. दोन्हींवर खडूने एकच खूण करा, तोंडाला तोंड लावू नका, मध्ये मऊ कागद घालून वर्तमानपत्रात गुंडाळा. ओल्या चिपा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. घरी नेऊन त्या सावलीत हळूहळू वाळू द्या. उन्हात किंवा तापलेल्या खोलीत ठेवल्या तर पापुद्रे उकलतात आणि मासाही त्यांच्याबरोबर जातो.

मासा जागोजागी तुटला असेल तर मोडके तुकडे तिथल्या तिथे गोंदाने चिकटवू नयेत. संग्रहालयांत अशा कामाला पॅरालॉइड बी-७२ हे अॅसिटोनमध्ये विरघळणारं राळेसारखं द्रव्य वापरतात, कारण ते पुन्हा काढून टाकता येतं. बाजारातला झटपट गोंद काढता येत नाही. वरचा खडक सुईने खरवडून हाड उघडं करण्याचा मोह तर सगळ्यांत मोठा. पॅलिओस्पॉन्डिलसची गोष्ट आठवावी आणि हात आवरावा. अनोळखी असं काहीही मिळालं तर तसंच ठेवून त्याचे मापपट्टीसह फोटो काढावेत आणि एडिनबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयासारख्या ठिकाणी जाणकारांना दाखवावेत.

नोंदवही खिशात असावी, गाडीत नव्हे. स्थळाचं नाव, नकाशावरचा संदर्भ, तारीख, कोणी काढला, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो सुट्या ढिगाऱ्यातून आला की भिंतीतल्या जागेवरच्या थरात दिसला. ढिगाऱ्यातल्या नमुन्याची उंची कळत नाही, हे खरं; मग तसंच प्रामाणिकपणे लिहावं, अंदाजाने थर ठोकून देऊ नये. जागेवरच्या थरात काही असामान्य दिसलं तर ते काढू नये. फोटो, खूण, आणि जागेची देखभाल करणाऱ्यांना निरोप, एवढंच. घरी आल्यावर नमुन्याच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर टिकाऊ शाईने क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक वहीत. चिठ्ठी हरवते, दगडावरचा आकडा राहतो.

हे सगळं वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल, आमच्या काळ्या दगडात मासे कुठून? लाव्हाच्या दगडात नाहीतच. पण लाव्हाच्या दोन लोटांमधल्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळात जीव अडकले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप मूळचे स्कॉटलंडचेच. त्यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूरजवळच्या टाकळीच्या अशा गाळातून शंख, फळं, बिया जमवल्या. नागपूरच्याच गिट्टीखदान भागातल्या गाळातून माशांचे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे बारीक अवशेष १९८४ साली नोंदवले गेले. गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळ, प्राणहितेच्या काठी कोटाच्या चुनखडीत ज्युरासिक काळातले मासे आहेत. आपल्याकडे भूवारसा स्थळांसाठीच्या कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२२ साली मांडला. पण कायद्याची वाट पाहण्याचं कारण नाही: जमिनीच्या मालकाची परवानगी आणि भूशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाची सोबत, एवढ्यावर सुरुवात करता येते. आणि एक गोष्ट आपल्याकडे केथनेसपेक्षा अधिक जिवावरची आहे. आपल्या बंद दगडखाणी पावसाळ्यात पाण्याने भरतात, तळ दिसत नाही, कडा उभ्या तुटलेल्या असतात. अशा खाणीत पोहायला उतरून मुलं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. पाणी भरलेल्या खाणीत जीवाश्म शोधायला जाऊ नका, आणि मुलांना तर नेऊच नका. उन्हाळा येऊ द्या, पाणी ओसरू द्या.

तुमच्या घरी आधीच कुणी आणलेला, काचेच्या कपाटात ठेवलेला एखादा जीवाश्म असेल, तर तो आणणाऱ्याला आजच विचारा: कुठून आणला, कोणत्या गावाजवळून, कोणत्या साली, ढिगातून की थरातून. उत्तरं लिहून त्या दगडाबरोबर ठेवा. माणूस आहे तोवरच हे विचारता येतं.